चिंगीला पिल्लं नाहीत, तरी ती मोज्यांना दूध पाजायला का बसलीय?

पत्र :
डॉक्टर, आमची चिंगी दीड वर्षाची देशी कुत्री आहे, वजन १४ किलो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती दुसऱ्यांदा माजावर आली. तिला बाहेर सोडत नव्हतो, पण एका संध्याकाळी गेट उघडं राहिलं आणि दहा-पंधरा मिनिटं ती दिसेना. आता एप्रिल संपत आलाय. आठवडाभरापासून ती गोधडी ओढून कूलरच्या मागे नेते, फरशी उकरते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं रबरी बदक आणि दोन मोजे तिथे नेऊन ठेवलेत. त्यांना चाटते, पोटाशी घेऊन झोपते. काल मुलगी बदक घ्यायला गेली तर तिच्यावर गुरगुरली. आचळं सुजलीत, दाबलं की दुधासारखं येतं. जेवण निम्म्यावर आलंय. सासूबाई म्हणतात, पोट राहिलंय तिला, आणि नसेल राहिलं तर एक वेत होऊ द्या म्हणजे शांत होईल. शेजारच्या काकू म्हणतात, दूध पिळून काढा नाहीतर गाठी होतील. मिस्टरांना लगेच ऑपरेशन करून मोकळं व्हायचंय. रात्री ती कण्हते ते मला ऐकवत नाही. काय करू?
— त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर :
ताई, बाकी सगळं सांगायच्या आधी एक काम आजच करा. दूध येतंय का हे बघायला तिची आचळं दाबणं बंद करा. तुम्ही नको, काकूही नकोत आणि मुलगी तर मुळीच नको. कारण खाली येईलच.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून चिंगीची ही बहुतेक खोटी गर्भधारणा आहे. तरुण माद्यांमध्ये ती इतकी नेहमीची आहे की दवाखान्यात अशा कुत्र्या सतत येत असतात, आणि त्यांच्या घरचे सगळेच तुमच्यासारखे घाबरलेले असतात. तेव्हा हे का होतं ते आधी समजून घ्या. ते एकदा कळलं की काय करायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

गाय गाभण राहिली नाही तर एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, हे आपल्याकडे शेतीवाडी पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. गर्भ नसेल तर गाईचं गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतं, त्याने बीज सुटल्यावर अंडाशयात तयार झालेला पीतपिंड विरतो आणि नवं चक्र सुरू होतं. कुत्रीच्या शरीरात अशी सोय नाही. ती गाभण असो वा नसो, तिचा पीतपिंड साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, बनवतच राहतो. म्हणजे हार्मोनांच्या हिशेबाने गाभण आणि रिकामी कुत्री जवळपास सारख्याच. दोन महिन्यांच्या आसपास प्रोजेस्टेरॉन उतरू लागतं आणि प्रोलॅक्टिन चढतं. दूध उतरवणारं आणि पिल्लांची माया लावणारं हार्मोन ते हेच. पिल्लं न झालेली प्रत्येक मादी माजानंतर या वाटेने जाते. काहींमध्ये बाहेरून काहीच जाणवत नाही, काहींमध्ये चिंगीसारखं सगळं उघड दिसतं. माज संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी हे सुरू होतं, क्वचित थोडं पुढेमागे. चिंगीच्या तारखा नेमक्या तिथेच येतात.

लांडग्यांच्या कळपात एकीची पिल्लं सांभाळायला दुसऱ्या माद्याही असतात, तिथूनच हे कुत्र्यांकडे आलं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मला तो पटतो. काहीही असो, चिंगी नाटक करत नाहीये आणि हट्टालाही पेटलेली नाही. तिच्या शरीराने तिला पिल्लं झाल्याचं सांगितलंय आणि ती त्याप्रमाणे वागतेय. म्हणून तिला ओरडू नका, हसू नका, मोजे हातात धरून तिची गंमत करू नका. घरात पाहुणे आले की हे हमखास होतं, त्यांनाही सांगून ठेवा.

आता सासूबाईंची शंका. ती बरोबर आहे, कारण गेट उघडं राहिलं होतं. माजावरच्या कुत्रीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आचळं सुजणं, दूध येणं, जागा उकरणं हे खऱ्या गाभणपणातही असंच दिसतं, आणि खोट्या गर्भधारणेत पोटही थोडं सुटतं. नुसतं बघून कुणीच, अगदी डॉक्टरही, खात्रीने सांगू शकणार नाही. पण तपासणी सोपी आहे. कुत्रीचा गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. पंचविसाव्या-तिसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत गर्भ कळतो, ४५ दिवसांनंतर एक्स-रेमध्ये पिल्लांचे सांगाडे दिसतात. चिंगी त्याच्या पुढे गेलीय, म्हणजे एका भेटीत उत्तर मिळेल. जवळच्या पशुवैद्यकाकडे सोय नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय आहेच. हे याच आठवड्यात करा, पुढे ढकलू नका. ती खरंच गाभण असेल तर पिल्लं कधीही होतील. नसेल आणि दूध थांबवायच्या औषधाची वेळ आली, तर ते औषध गाभण कुत्रीला चालत नाही, गर्भपात होतो. म्हणून आधी तपासणी, मग औषध.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र तीच सगळ्यात आधी खटकली. तिने घर मांडलंय कूलरच्या मागे. तिथे पंपाची वायर असते, टाकीतून पाणी झिरपतं, फरशी ओली असते, आणि ही तिथे नखांनी उकरतेय. आपल्या शहरात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, कुत्र्याचं तर पावलंही ओली आणि नाकही ओलं. आजच ती जागा पाट लावून किंवा खुर्ची आडवी टाकून बंद करा. कूलर हलवायचा असेल तर आधी प्लग काढा. आणि तिला दुसरा कोपरा द्या, आतल्या खोलीतला, अंधारा, कोरडा. साधी चटई पुरे. गोधड्यांचा ढीग दिला की ती पुन्हा घर रचायला लागते.

दुधाचं आता सांगते. आचळाला स्पर्श झाला, ते चोखलं गेलं, दाबलं गेलं की मेंदूला कळतं की पिल्लू पितंय, आणि प्रोलॅक्टिन आणखी वाढतं. रोज थोडं पिळून काढलं तर रोज तेवढं भरून येतं. दूध आतल्या आत साठून राहिलं, कुणी मागितलंच नाही, तर ते आपोआप आटतं. काकूंना वाटतं की गाठी होतील, कारण बाळंतिणीच्या बाबतीत त्यांनी तसं पाहिलं असेल. पण बाळंतिणीला बाळ असतं आणि दूध चालू ठेवायचं असतं. चिंगीचं थांबवायचंय. त्यामुळे पिळणं नाही, चोळणं नाही, गरम फडक्याचा शेक नाही, बर्फही नाही. कापूर घातलेलं तेल लावण्याचा सल्ला कुणी देईल, तेही नको. ती चाटणार, आणि कापूर पोटात गेला तर कुत्र्याला विषबाधा होते.

ती स्वतःच स्वतःला चाटत असेल तर तेही चोखण्यासारखंच काम करतं. सतत चाटताना दिसली तर गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला, पशुवैद्यकाकडे किंवा पेट शॉपमध्ये मिळतो. काही जण लहान मुलांचा टी-शर्ट घालतात. हिवाळ्यात मी त्याला हो म्हणते, एप्रिल-मेच्या नागपुरात नाही. जेवताना आणि पाणी पिताना कोन काढा आणि तेवढा वेळ तिच्यापाशी बसा.

खाण्याचं मात्र घाईत आटपते. जास्तीचं दूध, अंडी, कॅल्शियमचं सिरप, अळीवाची खीर, काहीही नको. ही दूध वाढवायची पथ्यं आहेत. डिंकाचा लाडू मायेने पुढे केला जातो, त्यात मनुका असतील तर तो कुत्र्याला घातक आहे. नेहमीचं साधं जेवण द्या, खाऊ बंद करा. निम्मं खाल्लं तरी काही दिवस चालेल. दोन दिवस तोंडच लावलं नाही तर दाखवा. आणि 'पाणी कमी द्या म्हणजे दूध आटेल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. या उन्हात ते जिवावर बेतेल.

मुलीचं बदक. चिंगीच्या लेखी ते तिचं पिल्लू आहे आणि कुणी उचलायला आलं म्हणून ती गुरगुरली. गुरगुरणं ही सूचना असते. त्यावर तिला मारलं किंवा दटावलं तर ती सूचना द्यायची सोडून देईल आणि पुढच्या वेळी सरळ दात लावेल. म्हणून काही दिवस मुलीसाठी घरात एक नियम ठेवा: चिंगीच्या कोपऱ्यात जायचं नाही, चिंगीजवळची कुठलीही वस्तू स्वतः घ्यायची नाही, मोठ्यांना सांगायचं. सहा वर्षांच्या मुलीला हे समजतं. तिला सांगा की चिंगीला सध्या वाटतंय आपण आई झालोय, आणि ते थोड्या दिवसांत जाईल. मुलगी आणि चिंगी दोघीच खोलीत आहेत असं या काळात होऊ देऊ नका. चिंगीची रेबीजची लस वेळेवर झालीय ना, तेही कार्डावर बघून घ्या. कुणाला दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वस्तू काढायच्या आहेत, पण तिच्या डोळ्यांदेखत हिसकावून नाही. मिस्टर तिला फिरायला घेऊन गेले की तुम्ही मोजे, बदक, गोधडी उचलायची आणि बंद कपाटात ठेवायची. परत आल्यावर ती शोधेल, एखाद-दोन दिवस कुणकुणेल. एखादी कुत्री फारच सैरभैर होते, घरभर धावते, खाणंपिणं सोडते; तिच्यापाशी मी एक वस्तू राहू देते आणि चार-पाच दिवसांनी काढते. तुमच्या घरात लहान मूल आहे, म्हणून मुलीची वस्तू असेल ती आधी काढा. राहू द्यायचंच तर एखादं जुनं फडकं राहू द्या, ज्याला मुलगी हात लावणार नाही.

रात्री ती कण्हते तेव्हा तुमचा जीव तुटतो, हे मी समजू शकते. पण तिच्या त्या जागेवर जाऊन बसून तिला कुरवाळू नका. हाक मारून बाहेर बोलवा, आली की तुमच्याजवळ बसवा, पाठीवरून, मानेवरून हात फिरवा, पोटाकडे नाही. थोडा वेळ अंगणात नेऊन आणा. प्रेम करा, फक्त ते त्या कोपऱ्याबाहेर करा.

मन दुसरीकडे वळवायला फिरणं-खेळणं सर्वांत चांगलं. पुण्या-मुंबईचा डॉक्टर सहज म्हणेल, फिरणं वाढवा. आपल्याकडे पारा ४४-४५ वर असताना ते इतकं सोपं नाही. पहाटे साडेपाचला निघा, सातच्या आत घरी या. दुसरी फेरी रात्री नऊनंतर, आणि तेव्हाही डांबरावर हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर तिच्या पावलांनाही होणार नाही. पहाटे अंबाझरीच्या बाजूला नेलंत तर रोज त्याच रस्त्याने नेऊ नका, नवा वास मिळू द्या. दुपारी घरातच काम द्या. उकडलेल्या चिकनचे किंवा पोळीचे बारीक तुकडे खोलीत चार-पाच ठिकाणी लपवा आणि तिला हुंगून शोधू द्या. तिच्या रोजच्या जेवणातलेच तुकडे, वरचे नाहीत. अर्ध्या तासाच्या अशा शोधाने कुत्रं जेवढं दमतं तेवढं लांब फिरूनही दमत नाही.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. माजानंतरच्या याच आठवड्यांत कुत्रीला आणखी एक आजार होऊ शकतो. गर्भाशयात पू भरतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. खोट्या गर्भधारणेत जीव जात नाही, पायोमेट्रात जातो, तोही थोड्या दिवसांत. कुत्री मलूल होते, उलट्या करते, खूप पाणी पिते, वारंवार लघवी करते, योनीतून पू किंवा घाण वासाचा स्राव येतो. काही जणींमध्ये गर्भाशयाचं तोंड बंद असतं, तेव्हा बाहेर काहीच येत नाही आणि घरच्यांना 'उन्हाने सुस्तावलीय' असं वाटत राहतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हीच खरी गोम आहे. पाणी तर सगळीच जास्त पितात, सुस्तही सगळीच असतात, मग ओळखायचं कसं?

मोजून. तिचं भांडं एक लिटरच्या बाटलीने भरा आणि दिवसभरात किती बाटल्या लागल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवसांत कूलरच्या टाकीतलं, बादलीतलं, झाडाच्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी तिला मिळता कामा नये, नाहीतर हिशेब चुकतो. कुत्र्याने दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर ते जास्त धरतात. चिंगीसाठी म्हणजे १,४०० मिलिलिटर. दोन-तीन दिवस मोजलंत की या उन्हातली तिची सवय कळेल. आकडा त्याच्या वर जाऊ लागला, किंवा एकाएकी दीडपट-दुप्पट झाला, आणि सोबत उलटी, मलूलपणा किंवा स्राव असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री असेल तर रात्रीच न्या. सोनोग्राफीला जाल तेव्हा गर्भाशयात पू आहे का हेही बघायला सांगा, एकाच तपासणीत दोन्ही कळतं.

आचळांवर रोज एकदा नजर टाका, हात न लावता. एखादं आचळ इतरांपेक्षा लाल किंवा जांभळं, टणक दिसलं, तिथे ती कुणाला येऊ देत नसेल, दूध पिवळं-हिरवट किंवा रक्ताळ गळत असेल, तर तो स्तनदाह आहे आणि त्याला औषध लागतं. घरात थर्मामीटर असेल तर लक्षात ठेवा, कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाचा ताप तो त्याचा ताप नव्हे. १०३ च्या वर गेलं तर दाखवा.

हे काही नसेल तर बहुतेक कुत्र्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप ताळ्यावर येतात. चिंगीला एक आठवडा झालाच आहे. मेच्या मध्यापर्यंत ती पूर्ववत व्हायला हवी. दूध फारच येत असेल, ती कुणावर धावून जात असेल किंवा महिना उलटूनही फरक नसेल, तर डॉक्टर कॅबरगोलिन देतील. ते प्रोलॅक्टिन कमी करतं, चार-पाच दिवसांत फरक दिसू लागतो, आणि साधारण आठवडाभर द्यावं लागतं. जेवणासोबत द्यायचं, नाहीतर मळमळतं. हे औषध माणसांच्या मेडिकलमध्येही मिळतं म्हणून सांगून ठेवते: परस्पर आणून देऊ नका. माणसांची गोळी ०.५ मिलिग्रॅमची असते. कुत्र्याचा डोस किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे चिंगीला दिवसाला ७० मायक्रोग्रॅम, त्या गोळीचा जेमतेम सातवा भाग. हे सुरीने कापून अंदाजाने द्यायचं काम नाही. आणि तिला उलटी झाली म्हणून घरातली मेटोक्लोप्रॅमाइड देऊ नका, त्याने प्रोलॅक्टिन उलट वाढतं. दुखतंय असं वाटलं म्हणून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलही नको, दोन्ही कुत्र्याला धोक्याची.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. एक वेत झालं की कुत्री शांत होते हे त्यांनी ऐकलंय, पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं जातं. पण एकदा पिल्लं झाली म्हणून पुढच्या माजानंतर हे टळत नाही. शरीराचं चक्र तेच राहतं. गाभण न राहिल्याने कुत्रीचं काही बिघडतही नाही. उलट पिल्लं झाली तर त्या सगळ्यांना घरं शोधावी लागतील. देशी पिल्लांना घर मिळणं किती कठीण आहे हे आपल्या वस्त्यांमधून रोज दिसतं. दोन महिने सगळ्यांना गोड वाटतात, मग ती रस्त्यावर येतात.

मिस्टरांचा ऑपरेशनचा विचार मला मनापासून पटतो. अंडाशय आणि गर्भाशय काढलं की माज थांबतो, खोटी गर्भधारणा पुन्हा येत नाही, पायोमेट्राची भीतीही जाते. फक्त आत्ता नको. दूध येत असताना ऑपरेशन केलं तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं, प्रोलॅक्टिन आणखी चढतं, आणि ही अवस्था महिनोन्‌महिने लांबू शकते. एखाद्या वाचकाकडे असं होऊन बसलंच असेल तर निराश होऊ नका, त्यावरही कॅबरगोलिन चालतं, पशुवैद्यकाशी बोला. याला अपवाद पायोमेट्राचा. तो निघाला तर तारीख-वेळ न बघता ऑपरेशन, तोच त्यावरचा पक्का इलाज.

तोवर आचळं पूर्ण आटू द्या, वागणं पूर्ववत होऊ द्या. माजानंतर साधारण चार महिने धरले तर चिंगीसाठी ती वेळ जूनअखेरीस येते. पुढचा माज सहा-सात महिन्यांच्या हिशेबाने ऑगस्ट-सप्टेंबरात येईल, म्हणजे जूनअखेर ते जुलै हा तुमचा काळ. तारीख घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी लिहून न्या: माजाचं रक्त कोणत्या तारखेला दिसलं, आणि दूध कधी थांबलं. जुलैत पाऊस असतो, टाके दहा-बारा दिवस कोरडे राहायला हवेत, तेवढे दिवस तिला मागच्या अंगणात पट्ट्याशिवाय सोडू नका. ऑपरेशन होईपर्यंत गेटची कडी आतून लावून घ्या, आणि सोनोग्राफीत काय निघालं ते मला कळवा.